पगार विचारणाऱ्या मंगलमावशी

माणसाला पगार विचारू नये, असं आपल्याकडे शिकवतात. मंगलमावशींना ते कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असलं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारामागे तीस खाटांचा एक खासगी दवाखाना आहे. तिथं एक्स-रे काढायच्या कामावर मी रुजू झालो, त्या सकाळी मावशी एक्स-रेच्या खोलीची फरशी पुसत होत्या. मी दारात चपला काढून उभा राहिलो. त्यांनी फडकं पिळलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाल्या, "किती बोललेत पगार?"

मी तेवीस वर्षांचा होतो. वडील चिक्कीच्या कारखान्यात कढईपाशी उभे राहून गूळ ढवळायचे. घरात दवाखान्यात नोकरी लागलेला मी पहिला. मला साडेआठ हजार ठरले होते, आणि फरशी पुसणाऱ्या बाईला तो आकडा सांगायची मला लाज वाटली.

"पंधरा," मी म्हणालो.

"आनि शिकायला किती गेले?"

"दीड लाख. डिग्री आहे ती."

त्यातले दीड लाख तेवढे खरे होते. मावशींनी मान डोलावली, बादली उचलली आणि वॉर्डाकडे निघून गेल्या. मला वाटलं, बाई चौकस आहे, संध्याकाळपर्यंत विसरेल.

मंगलमावशी आकडा विसरत नसत. त्या मळवलीच्या पुढच्या एका वाडीतल्या. घरची थोडी भातखाचरं, आणि नवरा एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर राखणीला. त्या सकाळच्या लोकलनं यायच्या, दवाखान्याचा निळा एप्रन चढवायच्या आणि दुपारपर्यंत एकदाही खाली टेकायच्या नाहीत. अंगानं बारीक, चालणं झपाझप. कुठल्या खाटेवरचा म्हातारा रात्री जेवला नाही, कुणाची सून भेटायला येत नाही, सगळं त्यांना ठाऊक. पण त्यांचा खरा छंद म्हणजे चौकशी. नव्या आलेल्या नर्सबाई, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम, रक्त तपासणारा लॅबवाला, औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट, सगळ्यांना त्यांनी विचारलेलं होतं. शिकायला किती वर्षं लागली, फी किती गेली, हातात किती पडतो. माणसं आधी चपापायची, मग सांगून टाकायची. मावशींच्या विचारण्यात भोचकपणा नसायचा. बाजारात मेथीची जुडी केवढ्याला म्हणून विचारावं, तितकं ते सरळ असायचं.

एकदा तर त्यांनी मोठ्या डॉक्टरांनाच गाठलं. हे डॉक्टर दवाखान्याचे मालक, हाडांचे सर्जन. ऑपरेशन उरकून चहा पीत बसले होते. मावशींनी कप उचलता उचलता विचारलं, "सायेब, तुमी कमवाया कवा लागलात?" डॉक्टर हसले. म्हणाले, "मावशी, खऱ्या अर्थानं म्हणाल तर बत्तिसाव्या वर्षी." मावशींनी तो आकडाही मनात टिपला. नंतर मला म्हणाल्या, "डॉक्टरकीचं झाड लय उशिरा फळतं, दादा. तवर खतपानी घालायला घर पायजे तसं. आमाला चार-पाच वर्सांत धरनारं पायजे."

तेव्हा मला कळलं की ही चौकशी म्हणजे नुसता छंद नव्हता. त्यांची मुलगी वैशाली त्या वर्षी दहावी झाली होती आणि विज्ञान शाखेत शिकत होती. पुढं तिला कशात घालायचं, ते मावशी शोधत होत्या. त्यांच्या नात्यागोत्यात मुलीला बारावीपुढं कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं विचारायला घरचं माणूस नव्हतं. मग त्यांनी आख्खा दवाखानाच विचारायला घेतला. फी आणि पगार विचारून झाला की त्या आणखी एक प्रश्न विचारायच्या. "तुमच्या लेकीला ह्यात घालाल का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक पटकन द्यायचे. हा प्रश्न आला की थांबायचे. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "घालीन, पण स्वतःचं क्लिनिक टाकायला हाताशी पैसा असेल तर." लॅबवाला सरळ नाही म्हणाला. मला मात्र मावशींनी हा प्रश्न विचारलाच नाही. मी अजून लग्नाचा होतो.

घरात वेगळाच सूर होता. मावशींचे थोरले दीर बबनआबा म्हणायचे, पोरीला बारावी झाली की नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत लावा. त्यांची मोठी मुलगी कविता तिथंच होती. गाडी दाराशी येती, जेवण कंपनीत, पहिल्याच महिन्यात बारा हजार हातात. मावशींनी हेही उडवून लावलं नाही. एका रविवारी त्या कवितेच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचे पाय दाबून देता देता सगळं काढून घेतलं. अकरा महिने झाले की ब्रेक देतात, पुन्हा घेतलं तर पुन्हा पहिल्यापासून. आठ तास उभं राहायचं. तीन वर्षांत पगार सातशेनं वाढला. सोमवारी मावशी मला म्हणाल्या, "कंपनी वाईट न्हाई. पर तिथली पोरगी तिसऱ्या वर्साला जितं व्हती तितंच हाय. मला वर जानारं पायजे."

वैशाली बारावी झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी त्या दवाखान्यात दोन वर्षं काढली होती. दुपारी पेशंट नव्हते. मावशी एप्रन न घालताच एक्स-रेच्या खोलीत आल्या. आज रजा घेतली होती म्हणाल्या. नवी साडी, हातात पोस्टाचं पासबुक आणि एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक. ते माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, वाचून सांगा, सगळं बरोबर हाय ना.

मला वाचावं लागलंच नाही. कव्हरवरचा पांढऱ्या कोटातला हसरा मुलगा मी ओळखला. एका वर्षात एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची शंभर टक्के हमी. मीही याच माहितीपत्रकावर भुललो होतो, याच संस्थेत दीड लाख भरले होते. फक्त आता फी वाढली होती.

मावशी सांगत होत्या. संस्थेचा माणूस वाडीत येऊन गेला, सोमवारी पैसे भरायचे ठरलंय. वैशालीचे बाबा तयार नव्हते, पण मीच म्हटलं, आमच्या दवाखान्यातले दादा बघा, खुर्चीवर बसून काम, पंख्याखाली, पंधरा हजार घेतात. दोन वर्षांत त्यांची फी वसूल झाली. तिला रात्रपाळी नको, उभं राहणं नको. मी सगळ्यांचं तोलून बघितलं, तुमचंच सगळ्यात हलकं आणि बरं निघालं.

मी पासबुकाकडं बघत होतो. सात वर्षं दर महिन्याला भरलेले पैसे होते ते.

"मावशी, मला पंधरा नाहीत," मी म्हणालो. "साडेआठ होते. आता साडेनऊ झालेत."

एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. माझ्याकडं डिग्री नाही हे सांगितलं. त्या संस्थेच्या कागदाला कुठल्याच सरकारी दवाखान्यात किंमत नाही, मी दोन ठिकाणी अर्ज करून बघितला, दोन्हीकडं खिडकीवरच परत दिला. हजेरीपटावर माझ्या नावापुढं टेक्निशियन नाही, मदतनीस लिहिलेलं आहे. हमीची नोकरी मिळाली नाही, ही वडिलांनी ओळखीनं लावली. सगळं सांगून झालं तेव्हा माझे कान तापले होते.

मावशींनी पदरानं पासबुक पुसलं. त्यावर काही लागलेलं नव्हतं.

"तुज्या आई-बापाला ठावं हाय?" त्यांनी विचारलं. तोवर त्या मला तुमी म्हणायच्या. त्या दिवसापासून तू म्हणायला लागल्या.

"नाही. त्यांनाही पंधराच सांगितलेत. पंधराला कमी पडतात ते मित्राकडून हातउसने घेतो, कधी ओव्हरटाइम करतो."

"मंग आज घरी जाऊन सांग. मला सांगितलंस तसंच." त्या उठल्या आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या. "माज्या पोरीचं दोन वर्सांचं गनित तुज्या आकड्यावं उभं व्हतं. वेळंवर पाडलंस, ते बरं केलंस."

त्यांनी मला रागावून दोन शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं. त्या रागावल्या नाहीत. माहितीपत्रक तेवढं माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. संध्याकाळी मी घरी वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, आता ते मित्राचे पैसे मागणं बंद कर. एवढंच.

आठवडाभर मावशी दवाखान्यात नेहमीसारख्या वावरत होत्या, पण कुणाला पगार विचारत नव्हत्या. मी त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचो. मग शुक्रवारी ती पायाची गोष्ट घडली.

कामशेतकडचा एक कॉलेजचा मुलगा दुचाकीवरून पडून नडगी मोडून आला होता. आदल्या दिवशी प्लास्टर झालं होतं. सकाळी मावशी त्याच्या खाटेखालून झाडत असताना त्यांना त्याची पायाची बोटं दिसली. निळसर, थंडगार. तो मुलगा दुखतंय म्हणून कण्हत होता आणि त्याची आई त्याला धीर धर म्हणत होती. मावशी झाडू टाकून पवार सिस्टरांकडं धावल्या. पवार सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डाच्या प्रमुख, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांनी बोटं दाबून पाहिली, मिनिटभरात डॉक्टरांना फोन केला आणि डॉक्टर पोचायच्या आत प्लास्टर कापायचं सामान मांडून ठेवलं. प्लास्टर फोडलं, पाय वाचला. आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर मुलाच्या आईला सांगत होते. आई पवार सिस्टरांच्या पाया पडली.

पवार सिस्टर सरळ मनाच्या. त्यांनी तिथंच सांगितलं की पहिल्यांदा मंगलनं बघितलं. पण मावशी तोवर बादली घेऊन पुढच्या खोलीत गेल्या होत्या. दुपारी डबा खाताना त्या आपणहून माझ्याशेजारी येऊन बसल्या. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "डोळे मला बी हायती आनि शिस्टरला बी. मला नुसतं निळं पडलेलं दिसलं. तिला कळलं का निळं पडलं, आनि काय करायचं. शिकून काय मिळतं, ते आज बघितलं."

मग त्यांनी पवार सिस्टरांना राहिलेला प्रश्न विचारला. लेकीला ह्यात घालाल का? पवार सिस्टर म्हणाल्या, डोळे मिटून घालीन, पण नुसत्या डिप्लोम्याला नाही, चार वर्षांच्या पदवीला. मी डिप्लोमावाली, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पदवीवाल्या मुली आज मोठ्या दवाखान्यांत माझ्या वरच्या जागेवर आहेत. आणि कॉलेज नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का ते आधी बघ. यादीत नसेल तर इमारत कितीही चकचकीत असली तरी पाऊल टाकू नकोस.

त्या संध्याकाळी मावशींनी घरी जाऊन आणखी एकाला विचारलं. मला हे वैशालीनं पुढं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता मावशी म्हणाल्या, "मी आख्ख्या दवाखान्याला इचारलं, तुलाच न्हाई इचारलं. तुला काय जमंल असं वाटतं?" वैशालीच्या आजीला शेवटचं वर्षभर अंथरुणावरच काढावं लागलं होतं. तिला कूस बदलवणं, पाठ पुसणं, जखम होऊ न देणं हे वैशालीच करत होती, तेव्हा ती नववीत होती. ती म्हणाली, "आजीचं केलं ते मला जमलं होतं. मला त्याचा कंटाळा नाही आला." मावशी म्हणाल्या, मग हे आधी का नाही बोललीस. वैशाली म्हणाली, तू विचारलंच नाहीस.

नर्सिंगच्या पदवीला प्रवेश परीक्षा असते. वैशालीनं ती दिली आणि तिला बरे गुण पडले, पण सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही. खासगी कॉलेजातून लगेच फोन आला, जागा आहे, उद्या या. मावशी आणि मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसलो. फी, वसतिगृह, मेस धरून चार वर्षांचे साडेपाच लाखांच्या घरात जात होते. पवार सिस्टरांनी सांगितलं होतं की खासगी दवाखान्यात नवीन मुलीला अठरा-वीस हजार मिळतात आणि पुण्यात खोली-जेवण जाऊन आठ उरले तर नशीब. म्हणजे ओतलेला पैसा परत यायलाच सहा वर्षं. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर सगळं मिळून लाख-सव्वा लाखात शिक्षण होत होतं, आणि मावशींच्या पासबुकात तेवढे तर होतेच.

"एक साल थांबायचं," मावशींनी ठरवलं. "पुन्ना परीक्षा द्यायची."

वर्ष वाया जाईल असं सगळेच म्हणाले. बबनआबा तर अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले की पोरगी घरात बसवून ठेवायचीच होती तर एवढा दवाखाना विचारत फिरायचं कशाला. वैशालीला मैत्रिणी कॉलेजला जाताना दिसल्या की ती दोन दोन दिवस बोलायची नाही. मावशींनी बबनआबांना उलट उत्तर दिलं नाही. नवऱ्याला फक्त सांगितलं की वर्ष पोरीचं जाणार आहे, भावजींचं नाही.

आणि मग त्या माझ्याकडं वळल्या. "तूबी शिक," म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, मी पंचवीसचा झालो, माझ्याबरोबरच्यांची लग्नं झाली. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी अजून कुणाकुणाला सांगतो. "शेत पडीक ठिवलं म्हनून साल थांबतं व्हय रं? त्ये जातंच. पेरलं तर पीक तरी येतं."

माझ्या आधी मावशीच मोठ्या डॉक्टरांशी बोलून आल्या. पोरगा सरळ हाय, चुकीच्या जागी पैसा घालवून बसला, त्याला सकाळी कॉलेज करू द्या, संध्याकाळची पाळी द्या. डॉक्टर मला बोलावून म्हणाले, "तुझी वकील येऊन गेली. ॲडमिशन मिळव, पाळीचं मी बघतो."

ते वर्ष वैशाली रोज आईबरोबर लोकलनं यायची आणि एक्स-रेच्या खोलीशेजारच्या जुन्या डार्करूममध्ये बसायची. आता फिल्म धुवाव्या लागत नसल्यामुळं ती रिकामीच होती. घराशेजारीच बंगला, तिथं पाहुण्यांची ये-जा, इथं शांत. भौतिकशास्त्र मला थोडं यायचं, जीवशास्त्र तिचं पक्कं. मी तिला भिंगं आणि किरण समजावायचो, ती माझ्याकडून हाडांची नावं पाठ करून घ्यायची. दादा, तुम्ही रोज हाडांचेच फोटो काढता आणि नावं येत नाहीत, असं एकदा म्हणाली आणि खूप हसली. मावशी पुसता पुसता दारातून डोकवायच्या, चहा सरकवायच्या आणि जायच्या. अभ्यास कुठवर आला हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी वैशालीला सरकारी कॉलेज मिळालं आणि मला पुण्याकडच्या एका मान्यताप्राप्त कॉलेजात रेडिओग्राफीची पदवी. वैशालीचा नंबर लागल्याची यादी मोबाइलवर आली तेव्हा मावशी तिसऱ्या मजल्यावर चादरी वाळत घालत होत्या. वैशालीनं सांगितल्यावर त्यांनी हातातली चादर दोरीवर नीट टाकली, चिमटा लावला आणि मग पायरीवर बसून रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

चार वर्षं सोपी गेली नाहीत. मी सकाळची लोकल पकडायचो, दुपारी परतून संध्याकाळच्या पाळीला उभा राहायचो. दुसऱ्या वर्षी एका विषयात नापास झालो आणि सोडून द्यावंसं वाटलं. मावशींनी फक्त विचारलं, राहिलेला विषय पुन्हा द्यायला किती लागतात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग एवढ्याशासाठी तोंड का पाडलंयस. वैशाली सुट्टीत घरी आली की आईला रक्तदाब मोजून दाखवायची. मावशी हात पुढं करून परीक्षकासारख्या बसायच्या.

वैशाली पदवी घेऊन बाहेर पडली, कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं, वर्षभर पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात काम केलं आणि त्या काळात सरकारी भरतीची परीक्षा दिली. निवड झाल्याचं पत्र मळवलीच्या पत्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी मावशी ते घेऊन दवाखान्यात आल्या. पवार सिस्टरांनी हात पुढं केला, आण वाचते. मावशींनी पत्र दिलं नाही. "म्या वाचनार," म्हणाल्या.

त्या सहावी शिकलेल्या. वॉर्डाच्या मधोमध उभं राहून त्यांनी ते पत्र वाचायला सुरुवात केली. वरचा जावक क्रमांक वाचला, विषय वाचला, संदर्भ एक, संदर्भ दोन, अधिपरिचारिका पदावर नियुक्ती, वेतनश्रेणी, बारा अटी, एकेक शब्द बोटाखाली धरून. अडल्या तिथं थांबल्या, पण कुणाला सांगू दिलं नाही. पेशंट उठून बसले होते. मोठे डॉक्टर जिन्यात थांबले, ते तिथंच कठड्याला टेकून उभे राहिले. सहीखाली "प्रत माहितीसाठी" म्हणून सात-आठ कार्यालयांची नावं होती, ती वगळावीत असं कुणालाही वाटलं असतं. मावशींनी तीही सगळी वाचली. संपल्यावर त्यांनी पत्राची घडी घातली. मग एका खाटेवरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि सगळा वॉर्ड वाजवायला लागला.

त्याच आठवड्यात बबनआबा दवाखान्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी मुलगी होती, दहावीची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत. आबा बाकावर बसून बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंगल, हिला कशात घालायचं ते तूच बघ." मावशींनी जुनं काही उकरलं नाही. मुलीला हाताशी धरून त्या वॉर्डात गेल्या आणि म्हणाल्या, चल, आधी हितं कोन काय काम करतं ते बघ. मग बोलू.

वैशालीची नेमणूक घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात झाली. नव्या ठिकाणी लेक एकटी नको म्हणून मावशींनी आमच्या दवाखान्यातलं काम सोडलं. चारच महिन्यांसाठी जाते, तिची घडी बसली की भाताला परत येते, असं सांगून गेल्या. गेल्यावर महिन्याभरातच त्यांचा फोन आला. इकडच्या-तिकडच्या गप्पा नाहीत. "हितं एक्स-रेचं मशीन हाय, मानूस न्हाई. लोक मोडलेला हात घिऊन दीड तास येष्टीनं जात्यात. जागा निघाली हाय म्हनं. अर्ज भर."

मी अर्ज भरला. परीक्षा झाली, कागद तपासले गेले. या वेळी खिडकीवरच्या माणसानं माझी पदवी दोनदा उलटून पाहिली, शिक्का मारला आणि फाइलला लावली. पुढं मला नेमणूक मिळाली ती त्याच रुग्णालयात.

रुजू व्हायच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं उतरलो, तेव्हा मावशी फाटकात उभ्या होत्या. त्या तिथल्या नोकर नव्हत्या, नुसत्या एका सिस्टरच्या आई होत्या, पण क्लार्ककडून किल्ली मागून घेऊन त्यांनी आदल्या दिवशी एक्स-रेची खोली उघडली होती. जाळी काढली होती, खिडक्या पुसल्या होत्या. मशीनला मात्र हात लावला नव्हता, ते दादाचं काम हाय म्हणाल्या. वैशाली पांढऱ्या गणवेशात वॉर्डातून धावत आली, हसली आणि पेशंट थांबलेत म्हणून तशीच परत पळाली. खोलीबाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती. एक्स-रेवाला येणार हे मावशींनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

मशीनची तपासणी व्हायची होती, परवानगीचा एक कागद यायचा होता, त्यामुळं पहिला फोटो निघायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मावशी रोज बाकावरच्यांना समजावून घरी पाठवत होत्या आणि चौथ्या दिवशी या म्हणत होत्या. चौथ्या दिवशी माणसं आली. पहिली एक कातकरी म्हातारी होती, मनगट सुजलेलं, पंधरा दिवस पाला बांधून काढलेले. मावशींनी तिला आत आणलं, पाटावर बसावं तसं स्टुलावर बसवलं आणि तिचा हात टेबलावर अलगद ठेवून दिला.

"घाबरू नगं, बया," तिला म्हणाल्या. "ह्ये आपलंच पोरगं हाय."

मग त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मळवलीला निघाल्या, भात कापणीला आलं होतं. एसटीत चढल्यावर त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी कुणी कॉलेजची मुलगी बसली होती, मांडीवर जाडजूड पुस्तक. गाडी हलायच्या आत मावशी तिच्याकडं वळल्या होत्या आणि काहीतरी विचारत होत्या. मुलगी आधी चपापली, मग पुस्तक मिटून सांगायला लागली. मी हात हलवत होतो, पण मावशींचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.